नवे इंडी आणि पोस्ट-पंक बँड : खानदेशातून कसे शोधता, प्रत्यक्ष कुठले ऐकावेत?

तापीकाठ (जळगाव)

मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला नवा बँड ऐकून बघायचा असेल तर संध्याकाळी जायचं, नाही आवडला तर मधूनच उठून घरी यायचं. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारच्या माणसाला तसं करता येत नाही. कार्यक्रमाचं तिकीट, रेल्वेचं रिझर्वेशन, रात्री पाठ टेकायला जागा आणि दुसऱ्या दिवशीची रजा, एवढं सगळं जुळलं तर जाणं होतं. त्यामुळे बँड आधीच पारखून घ्यावा लागतो. ती पारख कशी करायची, यावर सगळ्यांचं ऐकावं म्हणून हा धागा काढला आहे.

माझी पद्धत सांगतो. स्टुडिओत केलेल्या अल्बमवरून मी कधीच ठरवत नाही. स्टुडिओत सगळं दुरुस्त करता येतं. मी आधी त्या बँडचं सलग, न कापलेलं लाइव्ह सत्र शोधतो. अमेरिकेतल्या सिअॅटलचं केईएक्सपी हे रेडिओ स्टेशन बँडना आपल्या स्टुडिओत बोलावतं, तिथे ते सलग काही गाणी वाजवतात, आणि ते यूट्यूबवर फुकट बघता येतं. तिथे पहिल्यांदा गायकाकडे बघू नका. बेस आणि ड्रम ऐका. पोस्ट-पंकमध्ये गाणं उभं राहतं ते या दोघांवर. गिटार बऱ्याचदा वरून ओरखडे काढते आणि बाजूला होते. बेसवाला आणि ड्रमवाला एकमेकांकडे न बघता एकत्र थांबत असतील, एकत्र उचलत असतील, तर तो बँड लहान खोलीत हमखास जमणार.

त्यानंतर प्रेक्षकांनी फोनवर घेतलेले व्हिडिओ. आवाज फाटलेला असतो, पण दोन गाण्यांच्या मधे बँड काय करतो ते तिथेच दिसतं. तार तुटली, मायक्रोफोन शिट्टी मारायला लागला, तेव्हा कोण सावरतं? स्टेजवरचा खरा बँड मला त्या अर्ध्या मिनिटात कळतो.

सध्या माझ्या यादीत बाहेरचे तीन आहेत: लीड्सचा यार्ड अॅक्ट, लंडनचा ड्राय क्लीनिंग आणि डब्लिनचा फोन्टेन्स डी.सी. (हे आता मोठे झाले, पण ज्याला या प्रकारात शिरायचंय त्याने इथूनच शिरावं). आपल्या देशातला इम्फाळचा लो! पेनिन्सुला. गिटारच्या आवाजाची दाट भिंत आणि तिच्या पलीकडून येणारा गळा. मणिपूरसारख्या ठिकाणी राहून इतकं नेटकं काम करणारा बँड प्रत्यक्ष ऐकायला मी कितीही लांब जाईन.

तुमचे सांगा.

पाचोरा_पॅसेंजर

दादा, धागा वाचतोय, पण पोस्ट-पंक म्हणजे नेमकं काय? पंक म्हणजे आरडाओरडा एवढंच डोक्यात आहे. आणि इंडी हा वेगळा प्रकार आहे का?

तापीकाठ

इंडी म्हणजे मुळात मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय, स्वतःच्या किंवा छोट्या लेबलच्या (अल्बम काढणाऱ्या कंपनीच्या) जिवावर केलेलं संगीत. पुढे तो शब्द एका प्रकारच्या आवाजालाही चिकटला, त्यामुळे आता दोन्ही अर्थांनी वापरतात.

पोस्ट-पंकची गोष्ट एका अगदी छोट्या कार्यक्रमापासून सांगतो. ४ जून १९७६, मँचेस्टर. लेसर फ्री ट्रेड हॉल नावाच्या सभागृहात सेक्स पिस्तल्स हा पंक बँड वाजवायला आला. त्यांना बोलावलं होतं हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन पोरांनी. प्रेक्षक जेमतेम चाळीसेक. त्या चाळिसात पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते. बाहेर पडताना त्यांनी ठरवलं, हे आपल्यालाही करता येईल. हुकने लगेच बेस विकत घेतला. त्यातून पुढे जॉय डिव्हिजन झाला. डेव्होटो आणि शेलीचा बझकॉक्स तर तेव्हा आकार घेतच होता.

पंकने सांगितलं की वाजवायला उस्तादाची परवानगी लागत नाही. पण दोन वर्षांत तेच तेच व्हायला लागलं. मग याच लोकांनी त्या मोकळेपणात दुसरं काही आणायला सुरुवात केली. डब या जमेकन संगीतप्रकाराचा जड बेस, फंकचा तुटक ताल, सिंथेसायझर, रिकाम्या जागा. सेक्स पिस्तल्सचा गायक जॉन लायडन १९७८ मध्ये तो बँड सोडून पब्लिक इमेज लिमिटेड काढतो आणि तिथे बेसला सगळ्यात पुढे ठेवतो. लीड्सच्या गँग ऑफ फोरमध्ये अँडी गिलची गिटार सूर धरतच नाही, कापते. हे सगळं साधारण १९७८ ते १९८३-८४ मधलं. आज जे बँड येतात ते या घराण्याचे.

हुकचा एक तपशील मला फार आवडतो. समनरचा अॅम्प (अॅम्प्लिफायर) मोठा होता आणि हुकचा सुमार. खालचे सूर स्वतःलाच ऐकू येईनात म्हणून तो बेसवर वरचे सूर वाजवायला लागला. जॉय डिव्हिजनची ओळखच त्यातून घडली. साधन कमी होतं म्हणून आवाज वेगळा झाला.

अमळनेरी_ऑक्टोपॅड

मी लग्नाच्या बँडमध्ये ऑक्टोपॅड वाजवतो. सीझनला खानदेशभर आणि कधी सुरतपर्यंत. एका पोराने मोबाइलवर जॉय डिव्हिजन ऐकवलं तेव्हापासून मी हे शोधून ऐकतोय, म्हणून लिहायचं धाडस करतो.

तुम्ही बेस-ड्रमचं बोललात ते शंभर टक्के. त्या बँडचा ड्रमर स्टीफन मॉरिस. १९७९ च्या सुमारास तो साध्या ड्रमबरोबर इलेक्ट्रॉनिक ड्रमही वापरायचा. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड आला १९८५ साली, म्हणजे हा माणूस त्याच्या आधीचा. त्याचं वाजवणं ऐकताना लक्षात घ्या, तो भरती जवळपास करतच नाही. आमच्याकडे दर आठ मात्रांनी रोल मारला नाही तर मालक विचारतो, हात दुखतो का. हा माणूस एकच पॅटर्न अख्खं गाणं चालवतो आणि तरी अंगावर काटा येतो. मला विचाराल तर हे रोल मारण्यापेक्षा अवघड आहे. वरातीत चार तास एक लय धरणाऱ्यालाच ते कळेल.

माझा निकष सांगतो. लाइव्ह व्हिडिओ लावा आणि फक्त हाय-हॅट, म्हणजे ड्रमकिटमधली झांजांची जोडी, ऐका. पहिल्या गाण्यात आणि शेवटच्या गाण्यात तिची धार तीच असेल तर ड्रमर पक्का. वेग वाढला तर चालतो, उलट मजा येते. वेग पडला तर मात्र तो बँड तासभर टिकणार नाही.

धुळेकरीण

फार छान चाललंय. मी थोडं जमिनीवरचं लिहिते, कारण या बाजूवर कोणी बोलत नाही.

मुंबई-पुण्यातले बहुतेक छोटे कार्यक्रम दारू मिळणाऱ्या जागी होतात, त्यामुळे वयाची अट असते, बऱ्याचदा २१. तिकीट काढायच्या आधी ती ओळ वाचा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. कॉलेजातल्या पोरापोरींनी तर नक्कीच. कार्यक्रम नऊला म्हणतात आणि मुख्य बँड साडेदहाला येतो. धुळ्याहून एकट्या बाईने जायचं तर परतीचं आधी ठरवावं लागतं. मी कायम मैत्रिणीच्या घरी मुक्काम ठरवूनच तिकीट काढते, आणि मुक्काम जमला नाही तर बँड कितीही आवडता असो, जात नाही. आयोजकांनी दुपारचे कार्यक्रम वाढवले तर आमच्यासारख्या कितीतरी जणी येतील. हे त्यांना लिहून कळवा, मी कळवते.

आता बँड. ड्राय क्लीनिंगचं नाव वर आलंय, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. फ्लॉरेन्स शॉ गातच नाही, बोलते. बस स्टॉपवर कानावर पडलेली वाक्यं, जाहिरातीतले तुकडे, मनातली कुरबुर, सगळं एका सपाट आवाजात. मागे तिघे जण घामाघूम होऊन वाजवत असतात आणि ही स्थिर उभी. पहिल्यांदा वाटतं, हिला काही वाटत नाही का? चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत कळतं की सगळ्यात जास्त तिलाच वाटतंय. बाईने स्टेजवर नाचलंच पाहिजे, गोड हसलंच पाहिजे, या अपेक्षेला इतकं शांतपणे नाकारणारं मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

आणि आपल्याकडचा द व्हायनिल रेकॉर्ड्स कसा विसरलात? अरुणाचलच्या मुलींचा बँड, दिल्लीत राहून पोस्ट-पंक वाजवणारा. त्यांचे जुने व्हिडिओ जरूर शोधा.

भुसावळ_जंक्शन

मी या धाग्यावरचा बहुधा सगळ्यात वयस्कर. रेल्वेत नोकरी केली, त्यामुळे मुंबईला जाणं-येणं कायम. रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक व्हायचा, १९८६ साली सुरू झाला. आपल्याच देशातली पोरं स्वतःची गाणी वाजवताना आम्ही तिथे ऐकली. तेव्हा शोधायचं साधन म्हणजे कोणाच्या तरी कॅसेटची कॉपी.

एक गोष्ट आजच्या मुलांना मुद्दाम सांगतो. भारतातल्या रॉक संगीताचं महत्त्वाचं मासिक, रॉक स्ट्रीट जर्नल, मुंबईतून निघालं नाही, दिल्लीतूनही सुरू झालं नाही. १९९३ साली अमित सैगल यांनी ते अलाहाबादेतून काढलं. अलाहाबादेतून! कुठल्या गावात कोणता बँड आहे याची खबर देशभर पोचवण्याचं काम अशा शहरातून झालं, जिथे स्वतःचा असा मोठा रॉक कार्यक्रम नव्हता. ज्याच्या दारात सगळं आहे तो शोधत नाही, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

दुसरी गोष्ट कापसाची. वर मँचेस्टर आलं म्हणून आठवलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा मँचेस्टरच्या आसपासच्या लँकशायर भागातल्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागला, त्यात आपला खानदेशी कापूसही होता. पुढे त्या गिरण्या बंद पडल्या आणि त्या पडक्या गिरणगावांतच हे संगीत जन्माला आलं. आपल्याकडे अमळनेरची प्रताप मिलही बंदच पडली. ओस पडलेल्या गिरणीच्या गावात वाढलेल्या पोराला हा आवाज कोणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

अमळनेरी_ऑक्टोपॅड

काका, माझे आजोबा प्रताप मिलमध्ये होते. तुम्ही लिहिलेलं घरी वाचून दाखवलं.

पुण्यातला_चोपडेकर

मी चोपड्याचा, नोकरीनिमित्त पुण्यात. माझं मत थोडं वेगळं आहे. लांबून येणाऱ्याने छोट्या जागेपेक्षा महोत्सव गाठावा. एका बँडसाठी आठ-नऊ तासांचा प्रवास करण्यापेक्षा एका तिकिटात वीस बँड ऐकावेत. २०१० साली पुण्यात एनएच७ वीकेंडर सुरू झाला तेव्हापासून कितीतरी बँड मला तिथेच सापडले.

फक्त जायचं कसं ते नीट ठरवा. सगळे संध्याकाळी मोठ्या नावासाठी येतात. तुम्ही दरवाजा उघडला की आत जा. दुपारी तीन-चारला सगळ्यात लहान स्टेजवर जे वाजवतात तेच तुमचे उद्याचे बँड. समोर पंचवीस-तीस माणसं, डोक्यावर ऊन, आणि तरीही जो बँड मागे न हटता वाजवतो त्याचं नाव लिहून घ्या. वाजवून झालं की ते स्वतःच सामान आवरत असतात. जाऊन बोला. पुढे कुणाला ऐकू, असं त्यांनाच विचारा. बँडवाल्यांइतकी चांगली शिफारस कुठलंही अॅप देत नाही.

तापीकाठ

चोपडेकर, बँडलाच विचारायचं हे शंभर नंबरी. महोत्सवाबद्दल मात्र मला पटत नाही. मोकळ्या मैदानात हा प्रकार निम्मा हरवतो. लंडनमधल्या ब्रिक्स्टनचं विंडमिल बघा. साधा पब, दीडशेच्या आसपास माणसं मावतात. शेम, ब्लॅक मिडी, स्क्विड, ब्लॅक कंट्री न्यू रोड, हे सगळे तिथे वाजवून तयार झाले. समोरच्या माणसाचा चेहरा दिसतोय, अॅम्पची थरथर पोटात जाणवतेय, अशा जागेत घडलेलं संगीत आहे हे. ते पाचशे फुटांवरच्या पडद्यावर बघून कळत नाही.

म्हणून माझा हिशेब असा: महोत्सव शोधायला, छोटी खोली ऐकायला. वर्षातून एकदाच जमणार असेल तर मी खोलीच निवडेन.

पुण्यातला_चोपडेकर

त्यावर वाद नाही. पण ज्याला अजून यातलं काहीच माहीत नाही त्याला आधी महोत्सवात न्या. पाचोऱ्याच्या भाऊला थेट अंधाऱ्या खोलीत नेलंत तर तो परत येणार नाही.

पाचोरा_पॅसेंजर

येईन हो. काल रात्री तुम्ही सांगितलेली केईएक्सपीवरची सत्रं ऐकली. बेस ऐका म्हणालात म्हणून इअरफोन लावून फक्त बेस ऐकला. आधी कधीच असं ऐकलं नव्हतं. फोन्टेन्स डी.सी.चा गायक इंग्रजी बोलतो ते वेगळंच लागतं, ते का?

सातपुडा (नंदुरबार)

त्याचं उत्तर मी देतो, कारण मला या सगळ्यात तीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. तो डब्लिनच्या उच्चारात गातो. नावातला डी.सी. म्हणजे डब्लिन सिटी. ही पोरं संगीताच्या कॉलेजात भेटली, एकत्र कविता वाचायची, लिहायची आणि मग बँड झाला. पॉप गाणं म्हटलं की अमेरिकन गळा लावायचा, ही सवय त्यांनी टाकून दिली. लीड्सच्या इंग्लिश टीचर या बँडची गायिका लिली फोन्टेन लँकशायरमधल्या कोल्न या लहान गावची. गाण्यात ते गाव येतं. या बँडला २०२४ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. वेट लेग तर आइल ऑफ वाइट या बेटावरून आला आणि २०२३ मध्ये ग्रॅमी घेऊन गेला. गाव लपवून यातलं कोणी मोठं झालं नाही.

मग अहिराणीत पोस्ट-पंक का नाही? फ्लॉरेन्स शॉसारखं सपाट बोलायचं असेल तर अहिराणीसारखी भाषा नाही. आमच्याकडे बाया दारात बसून ज्या लयीत बोलतात ती तशीच उचला, खाली बेस ठेवा. आज अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर प्रचंड ऐकणारे आहेत. पण विषय ठरलेले: लग्न, नाच, पोरगी. कापसाचा भाव, सुरतला कामाला गेलेला भाऊ, रात्रीची लोडशेडिंगमधली विहीर, हे कोण गाणार?

आणि ज्याला एकाच लयीत तासन् तास राहण्याची ताकद बघायची असेल त्याने होळीला अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला यावं. मोठे ढोल, पावरी, कमरेला घुंगरू बांधून रात्रभर नाचणारी माणसं. पावरी म्हणजे दुधी भोपळा आणि बांबूचं वाद्य, तिचा सूर एकाच जागी घुमत राहतो. तिथे उभं राहिल्यावर छातीत जे होतं तेच मला बँडच्या चांगल्या कार्यक्रमात होतं. पण एक विनंती, तिथे रेकॉर्डर घेऊन नमुने गोळा करायला येऊ नका. ती लोकांची पूजा आहे. ऐका, रात्रभर थांबा.

धुळेकरीण

सातपुडा भाऊ, खूप मनापासून लिहिलंत. अरुणाचलमधल्या झिरोचं उदाहरण इथे घ्यायला हवं. २०१२ साली तिथल्या बॉबी हानो यांनी आणि दिल्लीच्या मेनव्हूपॉज बँडच्या अनुप कुट्टी यांनी मिळून महोत्सव सुरू केला. भाताच्या शेतांमधलं ठिकाण, पोचायलाच दीड-दोन दिवस. तरी देशभरातून लोक जातात. झिरोत होतं तर जळगावात का नाही, जिथे मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या थांबतात?

भुसावळ_जंक्शन

लोक येणार नाहीत असं कोणी म्हणायच्या आत सांगतो. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. थंडीत शाल गुंडाळून लोक शास्त्रीय संगीत ऐकायला बसतात, तरुणही असतात. ऐकणारं गाव आहे हे. त्यांच्यासमोर वेगळं काही कोणी ठेवलेलं नाही.

तापीकाठ

काका, मग ठेवूया. महोत्सव वगैरे नको, एक बँड आणि साठ-सत्तर माणसं. मुंबईहून नागपूरकडे किंवा पुण्याहून इंदूरकडे वाजवायला जाणारे बँड असतातच. मधल्या दिवशी त्यांना जळगाव किंवा धुळ्यात एक संध्याकाळ द्या म्हणायचं. प्रवास त्यांचा आधीच ठरलेला असतो, त्यामुळे खर्च राहतो तो जेवण, मुक्काम, मानधन आणि साउंडचा. मानधन मात्र आधी आणि पूर्ण द्यायचं. नाव होईल म्हणून फुकट वाजवा, असं कोणालाही सांगायचं नाही.

लाउडस्पीकरला रात्री दहानंतर बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार. म्हणून सहाला सुरू, नऊला बंद. ताई, तुमची दुपार-संध्याकाळची मागणी यात आपोआप पूर्ण होते. दारू नाही, वयाची अट नाही, कॉलेजची पोरंही येतील.

तोपर्यंत बँडना पैसे पोचवायचा सोपा रस्ता म्हणजे बँडकॅम्प ही गाणी विकत घ्यायची वेबसाइट. तिथे डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के ठेवतात, बाकीचं बरंचसं बँडकडे जातं. २०२० पासून ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटाही सोडतात. अल्बम आवडला तर त्या दिवशी घ्या.

अमळनेरी_ऑक्टोपॅड

साउंडचं माझ्यावर सोडा. आमच्या मालकाकडे मिक्सर, मॉनिटर, स्पीकर सगळं आहे आणि पितृपक्षात लग्नं नसतात, सामान तसंच पडून असतं. ड्रमकिट जळगावहून भाड्याने मिळेल. फक्त बँडकडून आधी लिहून घ्या, किती माइक, किती लाइन, बेस अॅम्पमधून की थेट मिक्सरला. आमच्याकडे सगळं मोठ्याने लावायची सवय आहे. खोलीत ते चालणार नाही, गायकाचं बोलणं शब्द न् शब्द कळलं पाहिजे. त्यासाठी मी दुपारीच येऊन बसेन. आणि कानात घालायचे बोळे सगळ्यांनी आणा. मी आयुष्यभर स्पीकरजवळ उभा राहिलोय, म्हणून सांगतो.

सातपुडा (नंदुरबार)

नंदुरबारहून सुरत-भुसावळ गाडीने आम्ही येऊ. सुरुवातीची वीस मिनिटं आपल्याकडच्या पोरांना द्या. दोन जण आहेत माझ्या ओळखीचे, एक बेस वाजवतो, एक अहिराणीत लिहितो. अजून बँडला नाव नाही.

पाचोरा_पॅसेंजर

माले बी येवानं शे. खुर्च्या मांडायला, पोस्टर चिकटवायला, स्टेशनवर बँडला घ्यायला, काहीही सांगा.

तापीकाठ

मग पितृपक्षातला शनिवार धरून चालतो. चोपडेकर, पुण्यातून त्या सुमारास कोण कुठे निघतंय ते विचारून इथेच लिहा. धुळेकरीण ताई, जागा बघताना तुम्ही बरोबर हव्या आहात, बाहेर पडायचा रस्ता आणि उजेड तुमच्या नजरेतून बघायचा आहे. बँडची नावं सुचवायला हा धागा उघडाच आहे. फक्त नावाबरोबर लाइव्ह सत्र द्या, अल्बम नको.